खेळाचा तास आणि अंजुमनचा इतिहास

दहावीचा वर्ग सुरू झाला की एखादे पालक हमखास भेटायला येतात. "सर, मुलाला चित्रकलेच्या आणि खेळाच्या तासाला बसवू नका, तेवढा वेळ गणिताला द्या," असे सांगतात. त्यांची तळमळ खरी असते. पण मला अशा वेळी बोरीबंदरसमोरची अंजुमन-इ-इस्लामची इमारत आठवते.

१८७४ साली बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे वडील बंधू कमरुद्दीन, कोकणी व्यापारी नाखुदा महंमद अली रोघे आदी मंडळींनी ही संस्था स्थापन केली आणि १८८० साली शाळा सुरू झाली. बद्रुद्दीन स्वतः आधी मदरशात शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये, आणि पुढे विलायतेत. तेथे डोळे इतके बिघडले की १८६४ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मुंबईस परतावे लागले. वर्षभराने ते पुन्हा गेले व १८६७ साली मुंबईचे पहिले भारतीय बॅरिस्टर झाले. शरीराने साथ सोडली की हुशारीही अडून बसते, हे त्यांनी असे भोगले होते. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

इमारतीची कोनशिला १८९० साली गव्हर्नर लॉर्ड रे यांनी बसवली आणि १८९३ साली लॉर्ड हॅरिस यांनी उद्घाटन केले. हॅरिस म्हणजे क्रिकेटचे मोठे वेडे. त्यांच्याच नावाच्या शालेय ढालीसाठी मुंबईतील शाळांची मुले आजही झुंजतात.

मुलींचे स्वतंत्र हायस्कूल मात्र १९३६ साली निघाले. म्हणजे मुलांच्या शाळेनंतर छप्पन्न वर्षांनी! हा उशीर मला अजूनही खटकतो. त्याच वर्षी भायखळ्यास साबू सिद्दिक तंत्रशिक्षण संस्था उभी राहिली, आणि आपल्या मुलांच्या हाती पुस्तकाबरोबर हत्यारेही आली. मुलगी, कारागीर, खेळाडू या सर्वांना शाळेत जागा हवी, हे समाजाला असे हळूहळू उमगत गेले.

वसीम जाफर हा बसचालकाचा मुलगा. अंजुमनच्या शाळेकडून खेळताना पंधराव्या वर्षी त्याने नाबाद ४०० धावा काढल्या. २००० साली तो कसोटी खेळला आणि पुढे रणजी सामन्यांत बारा हजार धावांचा टप्पा गाठणारा पहिला फलंदाज ठरला. त्याला खेळाच्या तासाला कोणी वर्गात बसवून ठेवले असते तर?

गेल्या वर्षी आलेल्या त्या पालकांना मी एवढीच हकीकत सांगितली. ते हसले, पण हट्ट सोडीनात. अखेर तडजोड झाली : चित्रकलेचा तास गणिताला, खेळाचा तास मुलाला. चित्रकलेसाठी यंदा पुन्हा भांडणार आहे.