दोन पेन्सिल सेलवरचा संसार

परवा घर आवरताना बाबांचा जुना नोकिया 6600 सापडला. तोच तो, गुबगुबीत, साबणाच्या वडीसारखा. बॅटरी फुगून कामातून गेली होती, पण तसलीच बीएल-5सी कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडे चक्क मिळाली. घातली, बटण दाबलं आणि हात हातात घेतानाचं ते चित्र आलं! बाबा एकदम खूष. त्यांना नवीन फोन घ्यायचाय, त्यामुळे गेले दोन आठवडे घरात "अँड्रॉइड की आयफोन" हाच विषय. मी पुन्हा तुलना सुरू केली तर म्हणाले, "असलाच एक बघ. तीन-तीन दिवस चार्जिंग लागायचं नाही."

हसून सोडून देता आलं असतं. पण मी स्वतः मोबाईल ॲप्स लिहून पोट भरतो आणि माझाच फोन संध्याकाळी सातला धापा टाकत असतो. मग काय, शनिवार-रविवार त्या 6600 च्या आत काय आहे ते वाचण्यात गेला.

आत आहे सिंबियन. आणि गंमत म्हणजे त्याची गोष्ट फोनपासून सुरूच होत नाही. डेव्हिड पॉटर यांनी 1980 मध्ये लंडनमध्ये सायॉन नावाची कंपनी काढली. ती पुढे खिशात मावणारे डायरीवजा कॉम्प्युटर बनवायला लागली. 1997 चा 'सिरीज 5' हा त्यातला गाजलेला. हे यंत्र चालायचं दोन पेन्सिल सेलवर. हार्ड डिस्क नाही, सगळी माहिती मेमरीत. आणि ते कधी रीस्टार्ट करायचं नाही, नुसतं मिटून खिशात टाकायचं. म्हणजे प्रोग्रॅमने थोडी जरी मेमरी सांडली, तरी ती सांडलेलीच राहणार, आणि महिन्याभराने यंत्र गुदमरणार.

यासाठी त्यांनी सी प्लस प्लसमध्ये 'एपॉक' नावाची सिस्टीम लिहिली. तेव्हा त्या भाषेचं प्रमाणीकरणही पूर्ण झालं नव्हतं, म्हणून चुका सावरायची पद्धत त्यांनी स्वतःच काढली: क्लीनअप स्टॅक. आपल्याकडे लग्नघरात शेजाऱ्यांकडून आणलेली भांडी वहीत लिहून ठेवतात ना, की ऐनवेळी गोंधळ झाला तरी कोणाचं पातेलं कोणाकडे हे कळावं, तसंच. मेमरी घेतली की आधी वहीत नोंद. जे फंक्शन मध्येच कोलमडू शकतं, त्याच्या नावाच्या शेवटी 'एल' हे अक्षर लावायचं. कोणी बघत नसलं तरी लावायचं! शिवाय काम नसेल तेव्हा प्रोसेसरला झोपू द्यायचं, उगाच "आलं का, आलं का" विचारत बसायचं नाही. बाबांच्या तीन दिवसांमागे बॅटरीइतकीच ही कंजुषी आहे.

जून 1998 मध्ये सायॉन, नोकिया, एरिक्सन आणि मोटोरोला यांनी मिळून सिंबियन कंपनी काढली. पीसीवाल्यांचं मायक्रोसॉफ्टपुढे जे झालं ते आपलं होऊ नये, ही भीती त्यामागे होतीच. एपॉकचं सिंबियन झालं. 2003 चा 6600 त्याच वंशातला, आत जागा फक्त 6 एमबी. 2007 मध्ये जगात विकल्या गेलेल्या स्मार्टफोन्सपैकी साठ टक्क्यांहून जास्त सिंबियनवर होते. आज कोणाला खरं वाटेल?

त्याच वर्षी आयफोन आला. थ्रीजी नाही, एमएमएस नाही, कॉपी-पेस्ट नाही (ते आलं 2009 मध्ये). बाहेरच्या कोणाची ॲप्स तर नाहीतच. भारतात ऑगस्ट 2008 मध्ये 8 जीबीवाला थ्रीजी आयफोन 31,000 रुपयांना आला, तेव्हाही वैशिष्ट्यांची यादी करून बघितली तर तगडा नोकिया सहज जिंकायचा.

मग हरला कसा? बोटाने सरकणारा स्क्रीन हे एक कारण, ते सगळ्यांना माहीत आहे. मला पटतं ते दुसरं. काटकसरीचा सगळा भार सिंबियनने प्रोग्रॅमरवर टाकला होता. साधी अक्षरं साठवायची तर डिस्क्रिप्टरचे अर्धा डझन प्रकार, कुठे कोणता वापरायचा यातच दिवस जायचा. त्यात एस60 साठी लिहिलेलं ॲप यूआयक्यूवर चालायचं नाही, दोन्ही सिंबियनच असूनही! 2005 च्या आसपास नवव्या आवृत्तीत सुरक्षा आली, आणि जुनी ॲप्स नव्या फोनवर बंद. वर महत्त्वाच्या सोयी वापरायच्या तर ॲपवर सही करून आणा. हौशी पोराने कशाला नादी लागावं?

ॲपलचं ॲप स्टोअर जुलै 2008 मध्ये सुरू झालं. मेमरी तिथेही हातानेच सांभाळायला लागायची, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण बॅटरीचा प्रश्न त्यांनी सरळ वापरणाऱ्यावर ढकलला: बाहेरची ॲप्स मागे चालणारच नाहीत (2010 पर्यंत), आणि फोन रोज रात्री चार्जिंगला. अँड्रॉइडने आणखी वेगळं केलं. तुम्ही हवं तसं लिहा, मेमरी कमी पडली की सिस्टीम मागचं ॲप बिनदिक्कत मारून टाकेल. मग दरवर्षी फोनची रॅम वाढत गेली आणि आमच्यासारखे लोक निर्धास्त झाले. मीही "लो-एंड फोनवर अडकतं" असा बग "चालायचंच" म्हणून बंद केलाय. एकदा नाही, बऱ्याचदा.

पुढचं झरझर झालं. फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला, 2012 चा 808 प्युअरव्ह्यू हा शेवटचा सिंबियन फोन. व्हॉट्सॲप मात्र जून 2017 पर्यंत त्या जुन्या फोन्सवर चालत होतं.

असो. रविवारी रात्री बाबा 6600 चा इनबॉक्स उघडून बसले होते. त्यात आजोबांचे मेसेज निघाले, 2006 चे, रोमन लिपीतलं मराठी. "पोचलो. गाडी वेळेवर होती. काळजी नसावी." असे सतरा. माझ्या कॉलेजच्या फोनमधले त्यांचे मेसेज बॅकअपच्या आळसात केव्हाच गेले. श्रेय फ्लॅश मेमरीचं की सिंबियनचं, यावर मी वाद घालू शकलो असतो, पण गप्प बसलो.

नवा फोन अजून ठरलेला नाही. 6600 च्या बॅटरीची एकच कांडी उरली आहे, आणि जाड पिनचा चार्जर कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याकडेही नाही. उद्या ऑफिसमधून येताना दुसरीकडे बघतो.