आधी पूल, मागाहून रेल्वे

पूल बांधला की पलीकडे शहर वसतं, असं आपण सहज म्हणून जातो. वाशीच्या खाडीवर मात्र तसं घडलं नाही.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना 'मार्ग' मासिकात मांडली. मुंबईतली सरकारी कार्यालयंही तिकडे न्यावीत, हा तिचा गाभा. १९७० साली सिडको स्थापन झाली, १९७३ ला पूल खुला झाला. पण मंत्रालय काही हललं नाही. उलट त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून उंच इमारती उठल्या! नोकरी मुंबईत, घर वाशीत आणि मध्ये लोकल नाही. कोण जाणार हो राहायला? मानखुर्द-वाशी रेल्वे आली १९९२ साली, पुलानंतर एकोणीस वर्षांनी. खरी वस्ती वाढली ती त्यानंतर.

जमिनी गेल्या त्या ९५ गावांच्या. आगरी-कोळी लोकांची भातशेती गेली, मिठागरं गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्यांना मिळू लागला तो या लढ्यामुळे. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हा गोळीबार कुठल्या धड्यात आला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून निघणारा अटल सेतू खुला झाला. लांबी सुमारे २२ किलोमीटर, पलीकडचं टोक चिर्ल्याला, जासईच्या शेजारीच. रेल्वे याही पुलावर नाही.