रेडफिश कोणाचा? : मेक्सिकोच्या आखातातील एका माशाचा इतिहास

१/
१९८० साली न्यू ऑर्लिन्स शहराच्या फ्रेंच क्वार्टर भागातील एका लहानशा उपाहारगृहात एक नवा पदार्थ वाढला जाऊ लागला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत त्या पदार्थातील मासा वाचवण्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारला तातडीचा आदेश काढून समुद्रातील मासेमारी थांबवावी लागली. आज तोच मासा गळाने धरण्यासाठी दूरदूरचे प्रवासी लुइझियाना, टेक्सास आणि फ्लोरिडाच्या खाड्यांत येतात आणि वाटाड्याला दिवसभराचे पैसे मोजतात. बाजारातील मासा वाटाड्याच्या होडीपर्यंत कसा आला, आणि या प्रवासात कोणी काय गमावले, त्याची ही हकिकत.

२/
प्रथम माशाची ओळख. इंग्रजीत त्याला रेडफिश किंवा रेड ड्रम म्हणतात. लुइझियानातील फ्रेंच भाषकांच्या तोंडी त्याचे नाव 'प्वासाँ रूज', म्हणजे तांबडा मासा. अंगाचा रंग तांब्यासारखा आणि शेपटीच्या बुडाशी एक ठळक काळा डाग, ही त्याची खूण. आपल्या किनाऱ्यावरील घोळ आणि ढोमा हे त्याचे भाऊबंद, कारण हे सारे सायनिडी या एकाच कुळातले. विणीच्या काळात नर पोटातील वाताशयालगतचे स्नायू थरथरवून ढोलासारखा घुमणारा आवाज काढतो. 'ड्रम' हे नाव त्यावरूनच पडले.

३/
या माशाचे आयुष्य दोन घरांत विभागलेले असते, आणि पुढचा सगळा वाद त्यातूनच उभा राहतो. उन्हाळा सरताना आणि शरदात मोठे मासे खाडीमुखांजवळ अंडी घालतात. भरतीच्या पाण्याबरोबर पिल्ले खाजणातील गवताळ उथळ पाण्यात शिरतात आणि तेथे खेकडे, कोळंबी खाऊन वाढतात. साधारण तीन ते पाच वर्षांनी वयात आलेला मासा खाडी सोडून खुल्या समुद्रातील मोठ्या थव्यांत जाऊन मिळतो. तेथे तो चाळीस वर्षांपर्यंत जगू शकतो. १९८४ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर गळाला लागलेला विक्रमी मासा ९४ पौंड २ औंसांचा, म्हणजे सुमारे ४३ किलोंचा होता.

४/
खाडीतला तरुण मासा आणि समुद्रातला म्हातारा मासा, दोन्ही एकाच वंशाची कडी आहेत. खाडीत फार मासे मारले तर समुद्रातील थव्यांना नवी भरती मिळत नाही. समुद्रातले थवे मारले तर खाडीत पिल्लेच येत नाहीत. १९८० च्या दशकात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू लागल्या.

५/
त्याआधी रेडफिश हा किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा, रोजचा मासा होता. टोमॅटोच्या रश्श्यात मंद शिजवलेला 'कूर्बुयाँ' हा त्याचा लुइझियानातील जुना पदार्थ. खाडीतील कोळी जाळ्याने तो धरत आणि जवळच्या बाजारात विकत. हौशी लोक रविवारी गळ टाकून तोच मासा धरत. पैसेवाल्या शिकाऱ्यांचे आकर्षण मात्र टार्पन या उंच उड्या मारणाऱ्या माशाकडे होते. १९३७ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट टेक्सासमधील पोर्ट अरॅन्सस येथे स्थानिक वाटाड्यांबरोबर गेले ते टार्पनसाठीच.

६/
१९७० च्या दशकात टेक्सासमध्ये चित्र बदलले. खाड्यांतून गिलनेट जाळ्यांच्या लांबच लांब रांगा लागू लागल्या. माशाला पाण्यात न दिसणारा, स्वस्त आणि टिकाऊ नायलॉनचा एकेरी धागा जाळ्यांत आल्यामुळे त्यांची मारक शक्ती वाढली होती. हौशी मच्छीमारांना रेडफिश दुर्मीळ झाल्याचे जाणवू लागले. १९७७ साली ह्यूस्टनमध्ये १४ जणांनी एकत्र येऊन 'गल्फ कोस्ट कॉन्झर्वेशन असोसिएशन' ही संघटना स्थापली. त्याच वर्षी टेक्सासने रेडफिशच्या व्यापारी मासेमारीवर परवाने आणि कोटा यांची बंधने घातली.

७/
संघटनेचे म्हणणे सरळ होते : रेडफिश बाजारातून काढा. जाळेवाल्या कोळ्यांचे उत्तरही तितकेच सरळ होते : मासे हौशी लोकही मारतात, त्यांची संख्या आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि आमचे घर या धंद्यावर चालते. १९८१ साली टेक्सासच्या विधिमंडळाने 'हाउस बिल १०००' मंजूर केले. त्यानुसार राज्याच्या पाण्यात धरलेले रेडफिश आणि स्पॉटेड सी ट्राउट विकण्यास बंदी झाली. मासा धरता येईल, खाता येईल, पण विकता येणार नाही, अशी ही नवी व्यवस्था. अशा माशाला तेथे 'गेमफिश' म्हणतात.

८/
टेक्सासमध्ये हा निर्णय होत असतानाच शेजारच्या लुइझियानात पॉल प्रुडोम नावाचा बल्लवाचार्य नावारूपाला येत होता. ओपेलूसस गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबातील तेरा भावंडांत तो सर्वांत धाकटा. १९७९ साली त्याने पत्नी के हिच्यासह 'के-पॉल्स लुइझियाना किचन' सुरू केले. तेथे रेडफिशचा तुकडा वितळलेल्या लोण्यात बुडवून, त्यावर तिखट मसाला थापून, लालबुंद तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकला जाई. क्षणात धुराचा लोट उठे आणि माशावर काळपट, खमंग कवच चढे. हाच तो 'ब्लॅकन्ड रेडफिश'.

९/
उपाहारगृहाबाहेर रांगा लागू लागल्या. १९८४ साली प्रुडोमचे पाककृतींचे पुस्तक आले आणि देशभरातील हॉटेलांच्या यादीत हा पदार्थ झळकू लागला. केवळ आखाताच्या काठी विकला जाणारा मासा आता न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियातही हवा होता. खाडीतून एवढा पुरवठा होणे शक्य नव्हते. मग व्यापाऱ्यांची नजर खुल्या समुद्राकडे, म्हणजे म्हाताऱ्या माशांच्या थव्यांकडे वळली.

१०/
हे थवे पृष्ठभागाजवळ आले की पाण्यावर तांबूस डाग पसरल्यासारखे दिसतात. लहान विमानातील टेहळ्या तो डाग हेरून खालच्या बोटीला दिशा देई. बोट थव्याभोवती पर्ससीन जाळे फिरवी. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याच्यावरून पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक नौका यांच्यात इतका संघर्ष झाला, तेच हे खालून बटव्यासारखे आवळले जाणारे जाळे. एका फेऱ्यात अख्खा थवा हाती लागे. त्यातील कित्येक मासे वीस-तीस वर्षांचे असत.

११/
शास्त्रज्ञांना यातली दुसरी बाजू अधिक गंभीर वाटली. समुद्रातील थव्यांत म्हातारे मासे पुष्कळ होते, पण तरुण फार थोडे. खाडीत इतके मासे मारले जात होते की वयात येऊन समुद्रापर्यंत पोहोचणारे कमीच उरत. थवा बाहेरून भरगच्च दिसत असला तरी त्याची जागा घेणारी पिढी मागे नव्हती. अशा वेळी त्या म्हाताऱ्या माशांनाच जाळ्यात ओढणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळायला काढणे होते.

१२/
जून १९८६ मध्ये वाणिज्य मंत्री माल्कम बॉल्ड्रिज यांच्या खात्याने केंद्राच्या अखत्यारीतील आखाती पाण्यात रेडफिशच्या व्यापारी मासेमारीवर तातडीची बंधने घातली. १९८८ साली त्या पाण्यात रेडफिश ठेवून घेण्यासच मनाई झाली, ती व्यापाऱ्यांना तशीच हौशी लोकांनाही. ही मनाई आजही कायम आहे. त्याच वर्षी लुइझियानानेही आपल्या पाण्यातील रेडफिशची व्यापारी मासेमारी बंद केली, आणि टेक्सासने किनारी पाण्यातून जाळीच हद्दपार केली.

१३/
प्रुडोमला या कथेतील खलनायक ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. त्याच्या तव्याआधीच खाडीतील मासा घटत होता. टेक्सासचे कायदे त्याची साक्ष आहेत. लोकप्रियतेने संकटाचा वेग वाढवला, संकट निर्माण केले नाही. पदार्थही मेला नाही. 'ब्लॅकन्ड' करण्याची रीत मांगूर जातीचे मासे, टूना, कोंबडी यांच्याकडे गेली. हॉटेलांतील रेडफिश पुढे मुख्यतः तलावांतील संवर्धनातून येऊ लागला.

१४/
जाळेवाल्यांच्या वाट्याला काय आले, हेही नोंदवले पाहिजे. फ्लोरिडात १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून गिलनेटसारख्या अडकवणाऱ्या जाळ्यांवर बंदी घालण्यास सुमारे ७२ टक्के मतदारांनी कौल दिला. १ जुलै १९९५ पासून ती लागू झाली. प्रामुख्याने मुलेट, म्हणजे बोयीसारख्या माशावर जगणाऱ्या कॉर्टेझसारख्या जुन्या कोळी गावांचा कणाच त्यामुळे मोडला. सीडर की येथील अनेक कोळ्यांनी सरकारी प्रशिक्षण घेऊन शिंपल्यांची शेती धरली. काहींनी खेकड्यांचे पिंजरे लावले, तर काही स्वतःच वाटाडे झाले.

१५/
वाटाड्याचा धंदा इथून वाढला. मासा विकता येत नव्हता, पण त्याच्यापर्यंत पोहोचवण्याची विद्या विकता येत होती. अमेरिकी तटरक्षक दलाचा परवाना असलेला कप्तान लहान होडीतून जास्तीत जास्त सहा प्रवासी नेऊ शकतो. रेडफिशसाठी होडी उथळ तळाची लागते, कारण मासा गुडघाभर पाण्यातही चरतो. इंजिन बंद करून वाटाड्या मागच्या उंच चौथऱ्यावर उभा राहतो आणि लांब काठी तळाला टेकवत होडी नि:शब्द पुढे ढकलतो. मासा तळाशी तोंड खुपसून खेकडे शोधत असला की त्याची शेपटी पाण्याबाहेर हलते. ती शेपटी आधी पाहणे, हेच वाटाड्याचे भांडवल.

१६/
वारा कुठून, ओहोटी केव्हा, गढूळ पाण्याची कड कुठे, शिंपल्यांचे खडक किती खोल, हे ज्ञान पुस्तकात नसते. जाळेवाल्या कोळ्याकडेही ते होतेच. फरक इतकाच की कोळ्याच्या ज्ञानाचे मोल पौंडावर ठरे, वाटाड्याच्या ज्ञानाचे मोल दिवसावर ठरते. एकच मासा सोडून दिला तर तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाहुण्यालाही भेटू शकतो. किनाऱ्यावरील अर्थकारणाच्या दृष्टीने हा मोठाच बदल होता.

१७/
२० ऑक्टोबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी १३४४९ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. केंद्राच्या पाण्यातील रेड ड्रम आणि स्ट्राइप्ड बास या दोन माशांच्या विक्रीला बंदी घालण्याचे धोरण त्यात होते. राज्यांवर तो बंधनकारक नव्हता. काही राज्यांत मर्यादित व्यापारी मासेमारी पुढेही चालू राहिली. तरीही हौशी मच्छीमारांच्या तीस वर्षांच्या लढ्याला मिळालेली ही सर्वोच्च मान्यता होती.

१८/
पण जाळी गेली म्हणून मासा सुरक्षित झाला, असे घडले नाही. १९३० च्या दशकापासून लुइझियानाने सुमारे ५,००० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली आहे. बांध घातल्यामुळे मिसिसिपीचा गाळ खाजणांत पसरत नाही, तेल कंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरते, जमीन खचते आणि समुद्र चढतो. २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहिरीच्या तराफ्यावर स्फोट होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. तेल पसरल्यावर मासेमारी बंद झाली, आणि कित्येक वाटाड्यांच्या होड्या तेल अडवण्याच्या कामाला लागल्या. पिल्लांचे घरच आक्रसत होते.

१९/
त्यातच वाटाडे आणि हौशी लोक यांचा स्वतःचा भार वाढला होता. लुइझियानाचे धोरण असे की मासेमारी मुळीच नसती तर जितके तरुण मासे समुद्रात गेले असते, त्याच्या निदान ३० टक्के तरी जायला हवेत. अलीकडच्या पाहणीत हे प्रमाण त्याखाली घसरलेले आढळले. या वेळी दोष द्यायला पर्ससीन बोटी नव्हत्या.

२०/
२० जून २०२४ पासून लुइझियानाने नियम बदलले. माणशी रोज पाच माशांऐवजी चार, लांबी १८ ते २७ इंचांच्या दरम्यानच, २७ इंचांवरचा मोठा मासा पूर्णपणे वर्ज्य. शिवाय पैसे घेऊन नेलेल्या सफरीत कप्तानाला आणि खलाशाला स्वतःच्या वाट्याचा मासा ठेवण्यास मनाई. चार पाहुणे आणि एक कप्तान असलेली होडी पूर्वी २५ मासे आणू शकत असे; आता १६. फ्लोरिडाने कप्तानांवर अशीच मनाई २०२२ सालीच घातली होती.

२१/
१९८१ मध्ये टेक्सासच्या कोळ्यांनी जो प्रश्न विचारला होता, तो अशा रीतीने चाळीस वर्षांनी वाटाड्यांच्या दाराशी आला : मासा जर सर्वांचा, तर तो कमी पडल्यावर आधी माघार कोणी घ्यायची? पहिल्या वेळी ज्यांची संख्या कमी आणि आवाज लहान होता, त्यांना घ्यावी लागली. दुसऱ्या वेळी निदान काही अंशी ती सर्वांना घ्यावी लागत आहे.

२२/
रेडफिशचे आयुष्य मात्र या साऱ्या कायद्यांहून लांब पल्ल्याचे आहे. १९८६ च्या शरदात, विमानांची टेहळणी थांबल्यानंतर, आखाताच्या एखाद्या खाडीमुखाशी जन्मलेल्या पिल्लांपैकी काही २०२४ च्या नियमांपर्यंतही जिवंत असू शकतील. आज २७ इंचांहून मोठा म्हणून हलकेच पाण्यात सोडला जाणारा मासा तितकाच जगला, तर तो पुढच्या दोन पिढ्यांच्या वाटाड्यांसाठी अंडी घालत राहील.