रंगाची साक्ष

कापडावरील हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो, हे आपल्या घरांतील प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. हळदीवर क्षाराचा संस्कार करून कुंकू करण्याची जुनी रीतही याच गुणावर आधारलेली. परंतु रंगाचा हा पालट पदार्थ ओळखण्याचे साधन म्हणून पद्धतशीरपणे वापरला तो रॉबर्ट बॉइल याने. रंगांविषयीचा त्याचा ग्रंथ १६६४ साली निघाला. व्हायोलेटच्या फुलांचा निळा पाक पांढऱ्या कागदावर टाकून त्यावर आम्लाचा थेंब सोडला की तो लाल होई, क्षाराचा सोडला की हिरवा. जिभेच्या चवीवर विसंबणाऱ्या विद्येला प्रथमच डोळ्यांची साक्ष मिळाली.

पुढे १७६७ मध्ये विल्यम लुइस याने अमेरिकेतून येणाऱ्या पोटॅशचा कस ठरविण्यासाठी लिटमसने रंगविलेला कागद वापरला. लिटमस निघते ते आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या गणगोतातून! जर्मन रसायनज्ञ अडोल्फ फॉन बायर याने १८७१ मध्ये फिनॉल्फ्थॅलिन तयार केले आणि १८७७ पासून ते दर्शक म्हणून वापरात आले. आम्लात व शुद्ध पाण्यात ते रंगहीन असते. क्षारात मात्र गर्द गुलाबी होते. (पुढे दीर्घकाळ ते रेचक म्हणूनही खपले, हे जाता जाता.)

या द्रव्याशी आमची ओळख महाविद्यालयातील ब्यूरेटपाशी झाली व तेथेच संपली, असे आम्ही समजत होतो. पुन्हा गाठ पडली ती नोकरीत, लाचेच्या एका सापळ्यात पंच म्हणून पाचारण झाले तेव्हा. नोटांना ही पांढरी भुकटी चोळलेली होती. इशारा होताच पथक आत शिरले आणि त्या गृहस्थांची बोटे धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडविण्यात आली. पाणी गुलाबी झाले. त्यांच्या चेहऱ्याकडे आम्हांस पाहवेना. बाटलीला लाखेची मोहोर लागली, चिठ्ठीवर आम्ही सही केली.

त्या रंगाचा अर्थ एवढाच, की ती भुकटी हातांस लागली होती. ती कशी लागली, पैसे मागितले होते की हातात कोंबले, हे रंग सांगत नाही. म्हणूनच केवळ नोटा सापडणे न्यायालयांनी पुरेसे मानलेले नाही. लाचेची मागणी व स्वीकार सिद्ध झालाच पाहिजे, मग तो परिस्थितिजन्य पुराव्याने का होईना, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही २०२२ मध्ये स्पष्ट केले.

आमची साक्ष झाली ती काही वर्षांनी. बाटली पुढे ठेवली तेव्हा तिच्यातील गुलाबी छटा बरीच फिकी पडली होती. बचावाच्या वकिलांनी रंगाविषयी अवाक्षर काढले नाही. पैशांची मागणी आपण स्वतः ऐकली काय, एवढेच त्यांनी विचारले. आम्ही तर इशाऱ्याची वाट पाहत दाराबाहेर उभे होतो. "नाही," आम्ही सांगितले.