गुहा, घर आणि नकाशा

"टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर" म्हटलं की समोरच्यांचे सरळ दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारच्या लोकांचे डोळे लकाकतात आणि ते "एक्स-वाय-झेड-झेड-वाय!" असं काहीतरी बरळायला लागतात. दुसऱ्या प्रकारचे लोक "म्हणजे नक्की काय रे?" असं विचारून चहाचा कप उचलतात. ह्या ब्लॉगवर दोन्ही प्रकारची मंडळी येतात (नातेवाईक बहुतांशी दुसऱ्या!), त्यामुळे आधी दोन वाक्यांत सांगून टाकतो.

हा कॉम्प्युटर गेमच, पण चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर फक्त मजकूर येतो. तुम्ही कुठे उभे आहात, समोर काय दिसतंय, कुठल्या बाजूला दार आहे. खाली तुम्ही टाईप करायचं: उत्तरेला जा, दिवा घे, दार उघड. कॉम्प्युटर पुढे काय झालं ते सांगतो. बास. गोष्टीच्या पुस्तकात शिरून आपणच चालायला लागावं तसं. ह्यालाच पुढे जरा भारदस्त नाव मिळालं, इंटरॅक्टिव्ह फिक्शन.

आता हे गेम खेळणारा माणूस कधी ना कधी स्वतः एक लिहायला घेतोच. आणि नवशिक्या माणूस पहिला गेम कशावर लिहितो? स्वतःच्या घरावर! हॉल, बेडरूम, किचन, फ्रीज उघड, फ्रीजमध्ये दूध आहे. ह्या प्रकाराची त्या वर्तुळात भरपूर टिंगल होते. जुनी मंडळी नवीन लोकांना बजावून सांगतात, बाबांनो, काहीही करा पण आपल्या फ्लॅटचा गेम करू नका.

मला हा सल्ला कधीच पटला नाही. का, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. १९७२ सालात, आणि तेही अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, जमिनीखाली.

केंटकीत मॅमथ केव्ह नावाची प्रचंड गुहा आहे. तिच्या शेजारच्याच डोंगराखाली फ्लिंट रिज नावाची दुसरी गुहा. ह्या दोन गुहा आतून कुठेतरी जोडलेल्या असणार असा गुहा धुंडाळणाऱ्यांना कित्येक वर्षं संशय होता. ९ सप्टेंबर १९७२ ह्या दिवशी सहा जणांची एक तुकडी फ्लिंट रिजमधून आत शिरली, चिखलातून, पाण्यातून सरपटत पुढे गेली आणि एका ठिकाणी त्यांना अंधारात चक्क लोखंडी कठडा दिसला. मॅमथ केव्हमधल्या पर्यटकांच्या वाटेचा कठडा! दोन गुहा एक झाल्या आणि सुमारे २३२ किलोमीटर लांबीची, जगातली सर्वांत लांब गुहा तयार झाली. (आज तिची मोजलेली लांबी ६८० किलोमीटरच्या वर गेली आहे.) त्या सहा जणांत एक बाई होती, पॅट्रिशिया क्राउदर. अंगाने बारीक, त्यामुळे जिथे इतरांची छाती अडकायची तिथून ती पलीकडे जायची. त्याआधीच्या एका मोहिमेत अशीच एक चिंचोळी फट तिने पार केली होती म्हणून पुढची वाट सापडली.

तिचा नवरा विल क्राउदर. तोही गुहावेडा. पोटापाण्यासाठी मॅसॅच्युसेट्समधल्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ह्या कंपनीत प्रोग्रामर. ही तीच कंपनी जिने १९६९ मध्ये आर्पानेटची, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पणजोबांची यंत्रं उभी केली, आणि ती चालवणारा प्रोग्राम लिहिणाऱ्यांत विल होता. गुहेत टेप आणि होकायंत्र घेऊन केलेली मोजमापं नवरा-बायको घरी आणायचे, टेलिटाईपवर टाईप करायचे आणि त्यावरून कॉम्प्युटर गुहेचा नकाशा काढायचा. मला हे चित्र फार आवडतं. घरात पोरं, आणि आईबाप अंधारातल्या एका जागेचे आकडे एकमेकांना वाचून दाखवतायत.

पुढे त्यांचा घटस्फोट झाला.

विलचं गुहेत जाणं सुटलं, आणि मुली दुरावल्यासारख्या झाल्या. दोघी लहानच होत्या. त्या अधूनमधून बापाकडे यायच्या. त्यांच्याशी जोडलेलं राहावं म्हणून १९७५-७६ च्या सुमारास त्याने फोरट्रान भाषेत, पीडीपी-१० ह्या मशीनवर एक प्रोग्राम लिहिला. त्या काळात तो मित्रांबरोबर डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायचा, त्याचा थोडा मसाला त्यात आला. बाकी जागा मात्र खरी होती: त्याच्या ओळखीच्या गुहेचा बेडक्विल्ट नावाचा भाग. कॉम्प्युटरची भीती वाटू नये म्हणून साध्या इंग्रजी शब्दांत हुकूम द्यायची सोय केली. मुली आल्या की बसून खेळायच्या. सुमारे ७०० ओळींचा प्रोग्राम, तेवढीच त्याची माहिती, ६६ खोल्या.

हा जगातला पहिला नामवंत टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर. आणि तो काय होता? एका बापाने आपल्या मुलींसाठी, आता आपली न राहिलेली जागा शब्दांत उतरवून ठेवली होती. "आपल्या फ्लॅटचा गेम करू नका" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं असं मला नेहमी वाटतं.

पुढची कथा पुष्कळांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो. तो प्रोग्राम नेटवर्कवरून इकडेतिकडे पसरला. स्टॅनफर्डमध्ये डॉन वुड्स नावाच्या विद्यार्थ्याला तो सापडला. त्याला त्यात भर घालायची होती, पण लेखकाचा पत्ता नव्हता. मग ह्या पठ्ठ्याने नेटवर्कवरच्या प्रत्येक मशीनवर "क्राउदर" ह्या नावाने पत्र पाठवलं! (तेव्हा हे शक्य होतं.) क्राउदरने परवानगी दिली आणि १९७७ मध्ये वुड्सची वाढीव आवृत्ती आली. १४० जागा, १५ खजिने, ३५० गुण. तिने ठिकठिकाणच्या प्रोग्रामर लोकांची कामं बंद पाडली. त्याच वर्षी एमआयटीतल्या चौघांनी ईर्ष्येने झोर्क लिहायला घेतला, त्यांच्यापैकी काहींनी इतरांबरोबर १९७९ मध्ये इन्फोकॉम कंपनी काढली. ती गाजली, १९८६ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने विकत घेतली आणि १९८९ मध्ये बंद झाली. चित्रांचे गेम आले होते, शब्दांना कोण विचारतो!

पण गंमत बघा. धंदा संपला आणि प्रकार जिवंत राहिला. १९९३ मध्ये ग्रॅहॅम नेल्सन ह्या इंग्रज गणितज्ञाने असे गेम लिहिण्यासाठी इन्फॉर्म नावाची भाषा तयार केली आणि फुकट वाटली. सोबत स्वतःचा एक गेम दिला, कर्सेस. त्याची सुरुवात कुठे होते? घराण्याच्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, एक नकाशा शोधताना. १९९५ पासून दरवर्षी हौशी लेखकांची स्पर्धा सुरू झाली. बाजार नाही म्हटल्यावर लोक एकमेकांसाठी लिहायला लागले. म्हणजे फिरून क्राउदरच्याच जागी.

क्राउदरचा मूळ प्रोग्राम मात्र कायमचा हरवला असंच सगळे धरून चालले होते. २००५ मध्ये तो स्टॅनफर्डच्या एका जुन्या बॅकअपमध्ये, वुड्सच्या विद्यार्थीदशेतल्या खात्यात सापडला. डेनिस जर्झ ह्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने तो तपासला, शिवाय गेम आणि गुहा ताडून बघायला तो स्वतः बेडक्विल्टमध्ये उतरला आणि २००७ मध्ये सविस्तर लेख लिहिला. एक जुनी समजूत त्यामुळे खोटी ठरली. क्राउदरने फक्त कोरडी गुहा लिहिली आणि जादू वुड्सने घातली, असं सांगितलं जायचं. प्रत्यक्षात बुटके आणि जादूचा शब्द क्राउदरच्या प्रोग्रामातच होते. आणि गुहा? गेममधल्या कितीतरी जागा प्रत्यक्षात जिथल्या तिथे होत्या.

ह्याहून मला आवडलेला किस्सा एका गुहा मोजणाऱ्याने सांगितला आहे. त्याच्या तुकडीत एक बाई होत्या, बेडक्विल्टमध्ये पहिल्यांदाच आलेल्या, पण गेम तोंडपाठ. परतताना त्याने त्यांना पुढे चालायला सांगितलं. त्या भूलभुलैयातून त्यांनी सगळ्यांना न चुकता बाहेर आणलं. जिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथली वाट पायांना माहीत होती!

हे वाचल्यावर मी आमच्या घराचा गेम लिहायला घेतला. राजापूरकडचं आजोबांचं घर, २०११ मध्ये विकलं आणि नव्या मालकाने पाडलं. आमच्याकडे त्या घराचे ढीगभर फोटो आहेत, पण सगळे माणसांचे. लग्नाचे, मुंजीचे, अंगणातले. ओटीवरून माजघरात कसं जायचं, तिथून माळ्याचा जिना कुठल्या हाताला, हे कुठल्याच फोटोत नाही. गेममध्ये मात्र नेमकं तेच लागतं.

मराठीत लिहायचं तर आधी भाषेनेच घाम काढला. क्राउदरच्या प्रोग्रामला इंग्रजी शब्दाची पहिली पाच अक्षरं पुरायची, कारण त्या मशीनच्या एका कप्प्यात तेवढीच मावत. आपल्याकडे चूल, पण चुलीत. विहीर, पण विहिरीत. कंदील, पण कंदिलात. प्रत्यय लागला की शब्दाच्या पोटातलं ऱ्हस्व-दीर्घ पालटतं. शेवटी प्रत्येक वस्तूची रूपं हाताने लिहून काढली, तेव्हा कुठे "कंदिलात तेल घाल" समजायला लागलं. मग प्रश्न आला, खेळणाऱ्याला तू म्हणायचं की तुम्ही? "तू माजघरात आलास" म्हटलं तर आत्या काय म्हणेल? "तुम्ही माजघरात आलात" केलं आणि बाई-पुरुष दोघांचीही सोय झाली. खेळणारा मात्र कॉम्प्युटरला "दार उघड" असं एकेरीतच सांगतो, त्याला कोण मान देतो! आणि दिशा... घरात उत्तरेला जा असं कोण म्हणतं हो? "मागल्या दारी", "पुढल्या दारी", "माळ्यावर". क्राउदरच्या गेममध्येही दिशांबरोबर खुणेच्या जागांची नावं टाईप केलेली चालायची. गुहेतल्या माणसालाही खुणाच लागतात.

पायथनमध्ये साधासा प्रोग्राम झाला, १४ खोल्या. थोरल्या आत्याला आणि धाकट्या काकांना पाठवला. (दोघंही हे वाचणार आहेत, तेव्हा जपून लिहितो.) घर विकताना जे बोलणं झालं त्यानंतर ही दोघं लग्नकार्यात भेटली तरी "बरंय ना?" च्या पुढे जात नव्हती. आत्याचा फोन आला, देवघराला खिडकी कुठे होती, तो झरोका होता. काकांचा आला, न्हाणीघरातून विहिरीकडे दार होतंच, तू विसरलास. आत्या म्हणे ते दार मी सासरी गेल्यावर पाडलं. काका म्हणे छे, आधीपासून होतं. चार दिवस माझ्यामार्फत निरोपानिरोपी चालली. शेवटी मी हात टेकले, म्हटलं तुम्हीच बोलून ठरवा आणि मला सांगा, मी तसं लिहितो.

ते बोलले. पाऊण तास. जुनं सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही, व्यवहाराचा विषय दोघांनीही काढला नाही. पण दार होतं, १९६८ च्या पावसाळ्यानंतर पाडलं, एवढं एकमताने ठरून आलं. गेममध्ये आता ते दार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की तुम्हाला कधी असला गेम लिहावासा वाटला तर खुशाल आपल्या घराचा लिहा. राक्षस आणि खजिने नंतर घालता येतात. फक्त तो कोणासाठी लिहितोय ते एकदा मनाशी ठरवा, कारण खोलीत काय सांगायचं आणि काय गाळायचं ते त्यावर ठरतं. क्राउदरच्या मुलींना गुहेची लांबी सांगायची गरज नव्हती, दिवा कुठे ठेवलाय ते सांगायची होती.

असो. नातेवाईक मंडळी, एक काम आहे. माळ्याच्या जिन्याला पायऱ्या अकरा की बारा? आत्या अकरा म्हणते, काका बारा. आणि तिसऱ्या पायरीचा आवाज व्हायचा की चौथीच्या? ज्याला आठवत असेल त्याने कळवावं. ती पायरी अजून लिहायची राहिली आहे.