उमर खय्याम : उस्तादाच्या कबरीवरची फुलं

उमर खय्याम म्हटलं की मराठी रसिकाला पेला आणि रुबाई आठवते. माधव जूलियन यांनी १९२९ साली मूळ फारसीवरून रुबायांचा अनुवाद केला, तेव्हापासून ही ओळख पक्की झाली. पण ज्यांनी खय्याम यांना प्रत्यक्ष पाहिलं, त्यांच्या आठवणी काही वेगळंच सांगतात.

निजामी अरूजी समरकंदी हा कवी त्यांना उस्ताद मानत असे. हिजरी ५०६ मध्ये बल्ख शहरातल्या एका मैफलीत त्याने खय्याम यांना बोलताना ऐकलं : माझी कबर अशा जागी असेल, जिथं झाडं तिच्यावर फुलं ढाळतील. निजामी चकित झाला. कोण कुठल्या मातीत जाणार हे अल्लाहशिवाय कुणाला ठाऊक? पण हा माणूस उगाच काही बोलणारा नाही, हेही तो जाणून होता. हिजरी ५३० मध्ये तो निशापूरला गेला, तेव्हा खय्याम हयात नव्हते. तो कबरस्तानात गेला. बागेच्या भिंतीलगत त्यांची कबर होती आणि भिंतीपलीकडून झुकलेल्या नाशपाती-जर्दाळूच्या झाडांनी ती फुलांखाली झाकून टाकली होती. निजामीला रडू आवरलं नाही. ही आठवण त्याने ‘चहार मकाला’ या ग्रंथात लिहून ठेवली. गंमत म्हणजे, खय्याम यांचा फलज्योतिषावर फारसा विश्वास दिसला नाही, हेही तोच नोंदवतो.

फुलांखाली झोपलेला हा माणूस पेशाने गणिती होता. घन समीकरणांचे प्रकार पाडून शंकुच्छेदांच्या साहाय्याने त्यांनी ती सोडवली. सुलतान मलिकशाहच्या आज्ञेवरून ज्या खगोलशास्त्रज्ञांनी पंचांग सुधारलं, त्यांत ते होते. १०७९ मध्ये सुरू झालेल्या या जलाली पंचांगात नव्या वर्षाचा पहिला दिवस वसंतसंपाताला बांधला गेला.

याच गणितज्ञाने एका छोट्या फारसी रिसाल्यात सत्य शोधणाऱ्यांचे चार गट सांगितले आहेत : कलामवाले, फलसफी, इस्माइली आणि सूफी. सूफी मंडळी नुसत्या विचारावर विसंबत नाहीत, नफ्स आणि अख्लाक स्वच्छ करून मारिफतकडे जातात. म्हणून हा मार्ग सर्वांत चांगला, असा त्यांचा निर्वाळा आहे. आयुष्यभर पुराव्याने चाललेला माणूस पुराव्याची हद्द कुठं संपते, हे सांगत होता.

त्यांच्या अखेरच्या दिवसाची हकीकत बैहकीने त्यांच्या जावयाकडून ऐकून लिहिली. खय्याम इब्न सिनाचा ‘शिफा’ वाचत होते. ‘एक आणि अनेक’ या प्रकरणापाशी येताच त्यांनी पानांत खूण ठेवली, वसीयत केली आणि नमाजला उभे राहिले. रात्री इशाच्या नमाजनंतर ते सजद्यात गेले. माझ्या कुवतीइतकं मी तुला ओळखलं, ही ओळखच माझा वसीला मानून मला माफ कर, अशी दुआ त्यांनी मागितली आणि डोळे मिटले.

सगळ्यांनाच हे पटलं नाही. पुढच्या शतकात नजमुद्दीन राजी या सूफीनेच त्यांना भरकटलेला फलसफी ठरवलं. आजही कुणी त्यांना नास्तिक म्हणतं, तर कुणी वली.

आपल्या मुलांनाही आपण हीच निवड करायला लावतो : एक तर दीन, नाही तर विज्ञान. खय्याम यांच्या शेवटच्या दिवसात मात्र ‘शिफा’चं पान आणि सजदा यांच्यामध्ये फक्त एक खूण होती.