रामाच्या गडावर शंबूक: रामटेकच्या सहजीवनाची कथा

१/ रामाच्या गडावर शंबूकाचे पूजन का होते? नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवरील रामटेकच्या टेकडीवर राम-लक्ष्मणांची मंदिरे आहेत आणि धूम्रेश्वराचे शिवस्थानही आहे. परंपरेनुसार हे शिवलिंग म्हणजे रामाच्या हातून वध झालेला शूद्र तपस्वी शंबूक. भिन्न समाज एकत्र कसे नांदले आणि त्यात कोणाच्या वाट्याला काय आले, याचा हा धागा. #इतिहास

२/ आरंभ वाकाटककाळापासून. चौथ्या शतकाच्या अखेरीस गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता विदर्भात आली ती वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची राणी म्हणून. तिची आई कुबेरनागा ही नागकुळातली. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचे आजचे नगरधन, असे अभ्यासक मानतात.

३/ रुद्रसेनाच्या अकाली मृत्यूनंतर अल्पवयीन पुत्रांच्या नावे तिने राज्य चालविले. मात्र ताम्रपटांत ती सासरचे विष्णुवृद्ध गोत्र सांगत नाही. माहेरचे ‘धारण’ गोत्र आणि गुप्तांची वंशावळ सांगते. सून झाली म्हणून तिने आपली ओळख पुसली नाही आणि वाकाटकांच्या राज्यात तशी गरजही भासली नाही.

४/ ती विष्णुभक्त. तिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरिस्वामींच्या, म्हणजे याच टेकडीवरील देवाच्या, चरणांपासून दिलेला आहे. तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन मात्र स्वतःला ‘परममाहेश्वर’ म्हणवितो. आईचा देव विष्णू, मुलाचा शिव, राज्य एकच.

५/ जवळच्या मनसर येथील उत्खननात विटांच्या भव्य वास्तूचे अवशेष मिळाले. अनेक अभ्यासक ते प्रवरसेनाच्या शिवमंदिराचे मानतात. बौद्ध परंपरा हा परिसर आचार्य नागार्जुनांशी जोडते. एकाच टेकाडाला दोन समाजांच्या दोन स्मृती आहेत.

६/ आता तेरावे शतक. ‘लीळाचरित्रा’नुसार भडोचचा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेला म्हणून घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूरला त्याची गोविंदप्रभूंशी भेट झाली आणि पुढे तोच चक्रधरस्वामी झाला. गुजरातहून आलेल्या या पुरुषाने मराठीतून उपदेश केला आणि स्त्री-शूद्रांना आपल्या पंथात स्थान दिले.

७/ याच शतकाच्या उत्तरार्धात यादव राजा रामचंद्र गादीवर आला. त्याच्या काळातील, रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातील शिलालेखात धूम्राक्षाचा उल्लेख आहे आणि रामाच्या खड्गाने वध झालेल्या शंबूकाला येथे विष्णुपद लाभले, असेही म्हटले आहे. उत्तरकांडात शंबूकाचा अपराध एकच: शूद्र असून त्याने तप केले.

८/ लोककथा आणखी पुढे जाते. मरताना शंबूकाने तीन वर मागितले: रामाने येथेच राहावे, आपल्या देहाचे लिंग व्हावे आणि भक्तांनी रामाआधी आपली पूजा करावी. लोकमनाला तो वध सलत होता, म्हणूनच त्याने भरपाई शोधली. परंतु ती भरपाई मरणोत्तर होती. पूजेत अग्रमान मिळाला. जिवंतपणी तप करण्याचा अधिकार मात्र नाकारलेलाच राहिला.

९/ पुढे हा प्रदेश देवगडच्या गोंड राज्यात होता. नागपूर वसविणारा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने इस्लाम स्वीकारला होता. त्याने शेतकरी आणि कारागीर राज्यात आणून वसविले, त्यात हिंदूही होते आणि मुसलमानही. अठराव्या शतकात सत्ता रघूजी भोसल्यांकडे गेली. रामटेकच्या मंदिरांना त्यांनी आश्रय दिला आणि गोंड राजाची पदवीही कायम ठेवली. मानाची पदवी उरली, सत्ता गेली. शंबूकाच्या कथेतली विषमता येथेही दिसते.

१०/ विसाव्या शतकात मतपेटी आली. १९८४ मध्ये हनमकोंड्यात पराभूत झालेल्या पी. व्ही. नरसिंह रावांना रामटेकने लोकसभेत पाठविले, १९८९ मध्येही. ते तेलुगू भाषिक, ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’चा तेलुगू अनुवाद त्यांनीच केला होता. परक्याला आपले मानण्याची जुनी रीत आता मतदानातून दिसली.

११/ सारांश: रामटेकने आगंतुकांना जागा दिली आणि त्यांची वेगळी ओळखही राहू दिली. हे मूल्य मोठे आहे. पण शेजार म्हणजे समता नव्हे. समतेचा शब्द कायद्यात आला तो १९५० च्या राज्यघटनेने. १९५६ मध्ये याच जिल्ह्यात, नागपूरला, बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. मरणोत्तर मान त्यांना पुरेसा वाटला नाही.

१२/ गडावर गेलात, तर धूम्रेश्वरापाशीही थांबा. या टेकडीवरच्या सहजीवनाची किंमत कोणी मोजली, ते तेथे कळते.